न जुळणाऱ्या पॅकेजांची जुळवणी

संगणकावर काम करणारा मनुष्य एक ओळ लिहितो. त्या ओळींत एका पॅकेजाचें नांव असतें आणि तें यंत्रावर बसवावें एवढीच आज्ञा असते. पडद्यावर अक्षरें धांवूं लागतात, चार दोन सेकंद जातात, आणि बहुतेक वेळां काम पुरें झाल्याची नोंद येते. परंतु एखादे दिवशीं धांवणारीं अक्षरें मध्येंच अडतात आणि तांबड्या ओळींत उत्तर मिळतें कीं, मागितलेलें पॅकेज बसवितां येत नाहीं, कारण त्याचें आणि दुसऱ्या एका पॅकेजाचें पटत नाहीं. तें दुसरें पॅकेज असें असतें कीं, त्या मनुष्यानें त्याचें नांवहि कधीं घेतलेलें नसतें. त्याला वाटतें, यंत्र बिघडलें. वास्तविक त्या क्षणीं यंत्र आपलें काम अत्यंत सचोटीनें करीत असतें. तें काम कोणतें, तें इतकें अवघड कां, आणि एवढें गणित करूनहि कोणती एक गोष्ट त्या यंत्राला कळूं शकत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

आजचें कोणतेंहि सॉफ्टवेअर एका हातचें नसतें. हवामानाचा हिशेब करणारी प्रणाली जो लिहितो, तो आंकड्यांच्या लांबलचक रांगांचे गुणाकार कसे करावे हें स्वतः लिहीत बसत नाहीं. तें कोणी तरी आधींच लिहून लोकांच्या हवालीं केलेलें असतें. आलेख काढण्याचें काम तिसऱ्याचें, चित्र साठविण्याचें चौथ्याचें. असा एकेक तयार तुकडा, नांव आणि आवृत्तीचा क्रमांक यांसह बांधून ठेवलेला, म्हणजे पॅकेज. हे तुकडे रचणारे लोक वेगवेगळ्या खंडांत राहतात आणि बहुधा त्यांची एकमेकांशीं ओळखहि नसते. सन १९९३ मध्यें ईयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें डेबियन या संगणकप्रणालीची उभारणी आरंभिली. तिच्या नांवांत त्याचें स्वतःचें आणि डेब्रा या त्याच्या मैत्रिणीचें नांव गुंफलेलें आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें त्या प्रणालीची १३ क्रमांकाची आवृत्ति प्रसिद्ध झाली, तेव्हां तींत ६९,००० हून अधिक पॅकेजें होतीं. पायथन भाषेच्या सार्वजनिक भांडारांत तर पांच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. इतक्या अनोळखी माणसांची निर्मिति एका यंत्रांत एकत्र नांदते, हेंच खरोखर आश्चर्य होय. ती कधीं कधीं नांदत नाहीं याचें फारसें आश्चर्य वाटूं नये.

प्रत्येक पॅकेजाबरोबर त्याच्या कर्त्यानें लिहिलेलें एक पत्रक असतें. आपल्याला कोणाचें साहाय्य लागतें आणि त्या सहाय्यकाची कोणती आवृत्ति चालते, तें त्यांत लिहिलेलें असतें. कांहीं पत्रकांत याच्या उलट गोष्टहि असते, ती अशी कीं, अमुक पॅकेज यंत्रावर असेल तर आपण तेथें राहणार नाहीं. डेबियनमधील टपालाचीं पॅकेजें याचें चांगलें उदाहरण आहेत. यंत्रावरून पत्रें पोंचविण्याचें काम एक्झिम करतें, तसेंच पोस्टफिक्सहि करतें. ज्या पॅकेजाला पत्र पाठवावयाचें असतें तें म्हणतें कीं, कोणीहि टपालवाला चालेल, पण असला पाहिजे. उलट प्रत्येक टपालवाला म्हणतो कीं, आपण असतां दुसरा टपालवाला या घरांत नको. हीं सर्व पत्रकें वाचून, मागितलेली वस्तु आणि तिला लागणारे सर्व सहाय्यक यांची अशी एक यादी करावयाची कीं तींत कोणाचीहि अट मोडूं नये, हें इन्स्टॉलरचें काम.

घरांत शुभकार्य काढणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटूं नये. थोरल्या मामांस बोलवायचें तर त्यांच्या व्याह्यांस बोलावणें भाग असतें. व्याही यावयाचे तर त्यांच्या दोन जांवयांपैकीं एक तरी बरोबर हवा. थोरला जांवई असेल तर चुलते पंगतीस बसावयाचे नाहींत, कारण दोघांचें दहा वर्षें बोलणें नाहीं. आणि धाकटा आला तर आत्याबाई उठून जातील. बरें, चुलते आणि आत्याबाई यांच्यावांचून तर कार्य होणेंच नाहीं. सर्व अटी कागदावर मांडून पाहिल्या म्हणजे यजमानाच्या लक्षांत येतें कीं, मामांस आमंत्रण देतां येत नाहीं. यांत मामांचा अपराध कांहींच नाहीं. त्यांचें आणि चुलत्यांचें सख्य आहे, आत्याबाईंचा तर त्यांच्यावर विशेष लोभ आहे. अडचण आहे ती त्यांच्यापासून दोन पायऱ्या दूर. संगणकापुढें बसलेल्या मनुष्यास जो अनोळखी पॅकेजाचा अडथळा दिसतो, तो असाच दूरच्या जांवयाचा असतो.

पांचसात पाहुण्यांची गोष्ट असते तोंवर यजमान हें कागदावर सोडवूं शकतो. इन्स्टॉलरपुढची यादी निराळी असते. वीस पॅकेजें हवीं आहेत आणि प्रत्येकाच्या दहा दहा आवृत्त्या उपलब्ध आहेत, असें धरलें तरी निवडीचे प्रकार होतात एकावर वीस शून्यें इतके. दर सेकंदास दहा लक्ष प्रकार तपासणारें यंत्र लावलें तर तें सगळे पाहून होण्यास तीस लक्षांहून अधिक वर्षें लागतील. अर्थात् कोणीहि समंजस मनुष्य अशा रीतीनें शोध करणार नाहीं. तथापि यापेक्षां चांगली, प्रत्येक प्रसंगीं हमखास झटपट चालणारी रीति कोणती, या प्रश्नाला गणितज्ञांचें उत्तर निराशाजनक आहे. सन १९७१ मध्यें टोरांटो विद्यापीठांतील स्टीफन कुक यांनीं खऱ्याखोट्या विधानांच्या अटी जुळविण्याच्या कोड्यासंबंधानें एक प्रसिद्ध सिद्धांत मांडला. अशा कोड्याचें उत्तर हातीं आलें तर तें बरोबर आहे कीं नाहीं हें चटकन पडताळतां येतें. परंतु तें शोधून काढण्याची सर्वकाळ जलद चालणारी रीति कोणाला सांपडलेली नाहीं, आणि ती सांपडली तर त्याच जातीचीं हजारों कोडीं त्याबरोबर सुटतील. सन २००६ मध्यें फ्रान्समधील रोबेर्तो दि कोस्मो आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, कुक यांचें कोडें जसेंच्या तसें पॅकेजांच्या पत्रकांत लिहितां येतें. म्हणजे एखादें पॅकेज डेबियनसारख्या प्रणालींत बसूं शकतें कीं नाहीं, हा दिसावयास घरगुती असलेला प्रश्न गणितांतील अत्यंत कठिण प्रश्नांच्या पंक्तीस जाऊन बसतो.

असें असतां रोज लक्षावधि यंत्रांवर पॅकेजें बसतातच कीं! कारण व्यवहारांत पुढें येणारीं कोडीं मुद्दाम छळण्यासाठीं रचलेलीं नसतात, आणि शोध करण्याची कलाहि पुष्कळ सुधारली आहे. साधी रीति अशी कीं, एकेका पॅकेजाची सर्वांत नवी आवृत्ति घेत पुढें जावें. विरोध दिसला कीं एक पाऊल मागें यावें आणि त्या ठिकाणीं दुसरी आवृत्ति घेऊन पाहावी. डेव्हिस, लॉगमन आणि लव्हलंड या तिघांनीं १९६२ सालीं ही मागें फिरण्याची रीति व्यवस्थित मांडली. तिच्यांतील दोष हा कीं, ती फार विसराळू असते. चुलते आणि थोरला जांवई एका पंगतीस बसत नाहींत हें तिला एकदां कळतें. पण पुढें दुसऱ्या पाहुण्यांची मांडणी बदलली कीं तीच जोडी ती पुन्हा बसवून पाहते आणि पुन्हा फजीत होते. सन १९९६ मध्यें मार्केस-सिल्वा आणि साकल्ला यांनीं मिशिगन विद्यापीठांत यावर तोड काढली. विरोध दिसला म्हणजे नुसतें मागें फिरूं नये. तो कोणत्या निवडींच्या संयोगानें झाला हें शोधून त्याचा एक नवा नियम करावा आणि तो कायम टिपून ठेवावा. एवढ्या एका सुधारणेनें पूर्वीं अशक्य वाटणारीं कोडीं सुटूं लागलीं. सुसे या लिनक्सच्या वितरणानें २००८ सालीं हीच विद्या पॅकेजें बसविण्याच्या कामीं आणली, आणि तिच्यासाठीं लिहिलेला भाग पुढें फेडोरा वगैरे इतर प्रणालींनींहि घेतला. शास्त्रज्ञांच्या आवडत्या कोंडा या इन्स्टॉलरांत तोच भाग २०२३ सालीं मुख्य जागीं बसविण्यांत आला. त्यापूर्वीं त्याच्या जुळवणीस लागणारा वेळ हा वापरणाऱ्यांच्या थट्टेचा विषय झाला होता.

परंतु अटी जुळल्या म्हणजे उत्तर इष्टच असतें असें नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें कॅनडांतील लायनस सबॅस्टियन या प्रसिद्ध चित्रफीतकारानें पॉप ओएस ही लिनक्सप्रणाली वापरून पाहिली आणि खेळांसाठीं लागणारें स्टीम हें पॅकेज मागितलें. त्या सुमारास त्या पॅकेजांच्या नोंदींत एक चूक राहिली होती. त्यामुळें इन्स्टॉलरानें हिशेब केला कीं, स्टीम बसवावयाचें तर पडद्यावरचें सर्व चित्रमय कामकाज चालविणारीं पॅकेजें काढून टाकावीं लागतील. नियमानें पाहतां हें उत्तर बिनचूक होतें. इन्स्टॉलरानें काय काय जाणार याची यादी छापली, हें घातक ठरूं शकेल अशी ताकीद दिली, आणि ‘होय, सांगतों तसें करा’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य अक्षरशः लिहावयास सांगितलें. तें लिहिलें गेलें. स्टीम बसलें असेल नसेल, पण पडदा मात्र काळा झाला. लक्षावधि प्रेक्षकांनीं तो प्रसंग पाहिला. पाहुण्यासाठीं पाट मांडावयास जागा नाहीं म्हणून यजमानालाच घराबाहेर काढण्यासारखा तो प्रकार होता. पण यजमान म्हणजे काय हें त्या यंत्राला कोणी सांगितलेलें नव्हतें. पुढें त्या इन्स्टॉलरांत सुधारणा झाली, आणि अत्यावश्यक म्हणून नोंदलेलीं पॅकेजें काढून जुळणी साधण्याचा मार्ग त्यानें स्वतःहून धरूं नये असें ठरलें.

याहून वाईट मात्र तो इन्स्टॉलर, जो विरोध असूनहि काम झालें असें सांगतो. पायथन भाषेचा पिप हा इन्स्टॉलर कित्येक वर्षें असाच वागत असे. दोन पॅकेजांनीं तिसऱ्यासंबंधानें परस्परविरुद्ध अटी घातल्या असतील, तर पिप ज्याची अट आधीं वाचील त्याची पाळी आणि दुसऱ्याची सोडून देई. फार तर शेवटीं एक सूचना छापी. पण पॅकेजें बसलेलीं असत आणि बहुतेक लोक ती सूचना वाचीत नसत. मग कित्येक दिवसांनीं, भलत्याच ठिकाणीं, एखादा हिशेब अर्ध्यावर बंद पडे आणि त्याचें मूळ कोठें आहे याचा थांग लागत नसे. हा दोष जाणकारांस ठाऊक होता. सन २०१७ मध्यें प्रद्युन गेडाम यांनीं गूगलच्या विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या उन्हाळी योजनेंत याच विषयावर काम केलें. परंतु पिप हें बहुतांशीं स्वेच्छेनें, फावल्या वेळांत सांभाळलें जाणारें काम. त्याचें अंतरंग बदलणें म्हणजे चालत्या आगगाडीचीं चाकें बदलणें होतें. अखेर मोझिला आणि चॅन झुकरबर्ग यांच्या संस्थांनीं मिळून चार लाखांहून अधिक डॉलरचें साहाय्य दिलें. गेडाम, त्झूपिंग चुंग, पॉल मूर आदि मंडळींनीं नवी जुळवणी तयार केली. आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजीं ती पिपच्या २०.३ या आवृत्तींतून लोकांच्या हातीं पडली.

लोकांनीं तिचें स्वागत कसें केलें? पुष्कळांनीं तक्रारी केल्या. काल बसत होतें तें आज बसत नाहीं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि वरवर पाहतां तो खरा होता. काल जें बसत होतें तें मोडकें बसत होतें, ही गोष्ट आज प्रथमच त्यांना सांगण्यांत येत होती. दुसरा आक्षेप वेळेचा होता व तो अधिक न्याय्य होता. पायथनचीं कित्येक जुनीं पॅकेजें आपलें पत्रक उघडें ठेवीत नसत. पॅकेज उतरवून घेऊन त्यांतील एक प्रणाली चालवून पाहावी, तेव्हां तें पॅकेज आपल्याला काय काय लागतें हें सांगे. जणूं प्रत्येक पाहुण्याच्या अटी तो दारांत येऊन उभा राहीपर्यंत कळूं नयेत! ॲमेझॉनच्या सेवांशीं बोलणारें बोटोकोअर हें पॅकेज जवळजवळ रोज नवी आवृत्ति काढतें. त्याच्या योग्य आवृत्तीच्या शोधांत पिप मागें मागें जात एकामागून एक डझनावारी आवृत्त्या उतरवून घेई आणि वापरणारा हताशपणें पाहत बसे. पत्रक पॅकेजापासून सुटें करून स्वतंत्रपणें वाचावयास द्यावें, ही साधी वाटणारी सोय भांडारांत २०२३ सालीं झाली. गणितापेक्षां कारकुनीचा हा दोष होता, आणि त्यानेंच लोकांचा अधिक वेळ खाल्ला.

या सर्व खटाटोपांतून सुटण्याचा एक मार्ग कोणालाहि सुचेल. भांडणारे एका पंगतीस बसत नसतील तर दोन पंगती कराव्या. जावास्क्रिप्टचा एनपीएम हा इन्स्टॉलर मुळांतच असें करतो: एका पॅकेजाला तिसऱ्याची जुनी आवृत्ति हवी असेल आणि दुसऱ्याला नवी, तर तो दोन्ही आणून ज्याची त्याच्या खोलींत ठेवतो. एल्को डोल्स्ट्रा यांनीं २००६ सालीं युट्रेख्ट येथें सादर केलेल्या प्रबंधांत वर्णिलेली निक्स ही प्रणाली याहून पुढें जाते. तींत प्रत्येक पॅकेज ज्या ज्या घटकांपासून बनलें त्या सर्वांवरून एक लांब अक्षरमाला काढून तिच्या नांवाचा निराळा कप्पा करतात, आणि दोन आवृत्त्या एकमेकींच्या वाटेसच जात नाहींत. जागा अधिक लागते, पण तंटा मिटतो. मात्र सर्वच गोष्टींच्या दोन प्रती चालत नाहींत. रिॲक्ट हें पडदे रचण्याचें पॅकेज एका पानांत दोनदां आलें तर दोन्ही प्रती आपापली निराळी नोंदवही ठेवूं लागतात आणि पान कोसळतें. अशा पॅकेजांसाठीं एनपीएमलाहि ‘सर्वांत मिळून एकच’ अशी अट मान्य करावी लागली. आणि ही अट आली तेथें भांडणहि परत आलें.

दुसरा मार्ग अधिक धीट आहे, तो म्हणजे कोड्याचे नियमच बदलणें. गूगलमधील गो या भाषेसाठीं रस कॉक्स यांनीं २०१८ सालीं असा नियम सुचविला कीं, पत्रकांत फक्त ‘अमुक आवृत्ति किंवा त्यानंतरची’ एवढेंच लिहितां यावें; ‘अमुकच्या पुढें नको’ असें लिहिण्याची सोयच असूं नये. मग शोध करण्याचें कारण उरत नाहीं. सर्वांनीं सांगितलेल्या किमान आवृत्त्यांपैकीं जी मोठी असेल ती घ्यावी, काम झालें. लहान मुलालाहि हा हिशेब करतां येईल. पण एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. तो यंत्राकडून माणसाकडे जातो. या नियमाखालीं कर्त्यानें वचन द्यावें लागतें कीं, त्याची नवी आवृत्ति जुन्या आवृत्तीचें सर्व काम करील. आणि तें ज्याला पाळतां येत नसेल त्यानें आपलें पॅकेज सरळ नव्या नांवानें काढावें. म्हणजे दोन्ही नांवें सुखानें शेजारीं नांदतील. नियम सुंदर आहे. तो कितपत टिकेल हें वचनें पाळणाऱ्यांवर अवलंबून आहे.

आतां यंत्राला न कळणाऱ्या त्या एका गोष्टीकडे येऊं या. आवृत्तींना क्रमांक देण्याची रूढ पद्धति तीन आंकड्यांची आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं ती नियमबद्ध करून मांडली. शेवटचा आंकडा वाढला तर फक्त चूक दुरुस्त झाली, मधला वाढला तर कांहीं भर पडली, आणि पहिला वाढला तर जुन्या सवयी मोडल्या, असें समजावें. या आंकड्यांकडे पाहून दुसरे कर्ते आपल्या पत्रकांत अटी लिहितात. परंतु आंकडा हें कर्त्याचें आपल्या कामाविषयींचें मत असतें. त्यानें किरकोळ समजून केलेली दुरुस्ती दुसऱ्याचें घर पाडूं शकते, आणि मोठा म्हणून जाहीर केलेला बदल पुष्कळांना जाणवतहि नाहीं. इन्स्टॉलर पत्रकापलीकडे पाहत नाहीं. थोरल्या जांवयाचें आणि चुलत्यांचें खरोखर भांडण आहे कीं तें गेल्या वर्षींच मिटलें, हें त्याला समजत नाहीं; यादींत ‘एकत्र नको’ असें लिहिलें आहे, तेवढें तो पाळतो. ज्या अटी मुळांतच भीतीपोटीं लिहिल्या गेल्या, त्यांचीहि तो तितक्याच निष्ठेनें अंमलबजावणी करतो.

याचें मोठें प्रत्यंतर १६ जून २०२४ रोजीं आलें. आंकड्यांच्या रांगांचें गणित करणारें नमपाय हें पॅकेज म्हणजे पायथनमधील शास्त्रीय कामाचा पाया; खगोलशास्त्रापासून शेअरबाजारापर्यंत शेंकडों पॅकेजें त्यावर उभीं आहेत. त्याची पहिली मोठी आवृत्ति २००६ सालची. त्यानंतर अठरा वर्षांनीं दुसरी आली, आणि पहिलीसाठीं यंत्रभाषेंत घडविलेलीं पॅकेजें तिच्यावर चालेनाशीं झालीं. पायथनच्या एका चालू कामांत नमपायची एकच प्रत राहूं शकते, तेव्हां दोन पंगतींचा उपाय येथें बंद. कर्त्यांचे दोन वर्ग पडलेले होते. एका वर्गानें आपल्या पत्रकांत ‘नमपाय २ च्या खालीं’ अशी मर्यादा आधींच घातली होती. त्यांचीं पॅकेजें सुरक्षित राहिलीं, पण ज्या कोणास त्यांच्याबरोबर नव्या नमपायचें कांहीं हवें होतें त्यास इन्स्टॉलरानें नकार दिला. दुसऱ्या वर्गानें मर्यादा घातली नव्हती. त्यांचीं जुनीं पॅकेजें नव्या नमपायवर निमूटपणें बसलीं आणि चालवितांच मोडलीं. पहिल्यांना अडवणूक केल्याचा दोष आला, दुसऱ्यांना निष्काळजीपणाचा. पण दोन वर्षें आधीं बसून न आलेल्या आवृत्तीविषयीं खरें काय लिहावें, हें कोणाला ठाऊक असणार? वरची मर्यादा हें भविष्य असतें, आणि तें अशा पत्रकांत लिहावें लागतें कीं जें वाचणारा त्याला वस्तुस्थितीच समजतो. नमपायच्या मंडळींनीं आपल्याकडून शक्य तें केलें. आगाऊ सूचना दिल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठीं घडविलेलें पॅकेज पहिलीवरहि चालावें अशी तजवीज ठेवली. तरी मधले कांहीं महिने अनेकांना त्रासाचे गेले.

नकार अटळ असेल तर त्याचें कारण तरी माणसाला समजेल असें सांगावें, ही जाणीव या विद्येंत उशीरां आली. अटी जुळविणाऱ्या जुन्या यंत्रणा ‘नाहीं’ एवढें म्हणून थांबत, किंवा हजार ओळींचा आपला प्रवास छापीत. गूगलच्या डार्ट भाषेसाठीं काम करणाऱ्या नॅटली वाइझेनबॉम यांनीं २०१८ सालीं पबग्रब नांवाची रीति प्रसिद्ध केली. अपयशांतून नियम टिपण्याची युक्ति तींत आहेच. पण टिपलेले नियम एकमेकांतून कसे निघाले याची सांखळीहि ती राखते, आणि शेवटीं ती सांखळी साध्या वाक्यांत वाचून दाखविते: मामा यावयाचे तर व्याही यावयास हवे. व्याही यावयाचे तर दोन जांवयांपैकीं एक हवा. थोरला चुलत्यांमुळें नको, धाकटा आत्याबाईंमुळें नको. म्हणून मामा येऊं शकत नाहींत. पायथनसाठीं २०२४ सालीं निघालेला यूव्ही हा वेगवान इन्स्टॉलर याच रीतीवर चालतो.

अशी सांखळी हातीं आली म्हणजे संगणकापुढील मनुष्यास निदान कोठें जावें हें कळतें. नमपायच्या प्रसंगीं असे पुष्कळ लोक त्या मधल्या, अनोळखी पॅकेजाच्या कर्त्याकडे गेले. ‘२ च्या खालीं’ ही ओळ खरोखर आवश्यक आहे कां, असें त्यांनीं विचारलें. कर्त्यानें एखाद्या रविवारीं वेळ काढून आपलें पॅकेज नव्या नमपायवर चालवून पाहिलें. कधीं दहा ठिकाणीं दुरुस्ती करावी लागली, कधीं एकहि नाहीं. मग त्यानें पत्रक उघडलें, जुनी मर्यादा खोडली, आणि कित्येक पत्रकांत तिच्या जागीं नवी ओळ आली: ‘नमपाय ३ च्या खालीं’.